डोंगराखालून आलेला पेला

लाक्का गावच्या कॉफीच्या दुकानात एका फळीवर दोन पेले शेजारी शेजारी असत. एक पत्र्याचा, सोनेरी मुलामा दिलेला. गावाच्या फुटबॉल संघाला १९८१ साली तिसऱ्या क्रमांकासाठी मिळालेला. दुसरा अक्रोडाच्या लाकडाचा, हाताने कोरलेला. त्याच्या पोटावर एक हरीण, शिंगं चांगली वीतभर वाटावीत अशी. फुटबॉलच्या पेल्याची चौकशी कुणी करत नसे. लाकडी पेल्याची कुणी करण्याआधीच अर्गीरिस झार्काडास खुर्ची ओढून त्याच्या टेबलाशी येऊन बसे.

अर्गीरिस अडुसष्ट वर्षांचा, बुटका, मोठ्या कानांचा. चाळीस शेळ्या, दोन वाफे राजमा, आणि एकतीस वर्षांपासून एक बिनपगारी काम: तो घशाचा राखणदार होता.

लाक्का वाडग्यासारखं आहे. चारी बाजूंनी डोंगर, मध्ये सपाट शेती, आणि पाणी बाहेर जायला नदीनाल्याची वाट नाही. सगळं पाणी उत्तरेच्या डोंगराच्या पायथ्याशी एका विवरात शिरतं आणि नाहीसं होतं. ग्रीसमधल्या या आर्केडियात अशी विवरं पुष्कळ आहेत. आमच्याकडे त्याला घसा म्हणतात. घसा तुंबला की शेतीचं तळं होतं. म्हणून सप्टेंबरात, क्रॉसच्या सणाच्या आदल्या दिवशी, दर घरातून एक माणूस दाताळं घेऊन येतो आणि सगळे मिळून विवराच्या तोंडाशी अडकलेल्या फांद्या, लव्हाळा, राजम्याचे वाळके वेल उपसतात. कामाची वाटणी अर्गीरिस करी. शिव्याही तोच देई.

घशापासून शेतापर्यंत दगडांचा एक जुना बांध आहे. खोदकाम करणारे सांगतात, तीन हजार तीनशे वर्षांचा. गाव म्हणतं, पुराणातल्या महाबली हेराक्लिसचा. शेळ्या त्यावरून चालतात. गावच्या शाळेत पूर्वी एक मास्तर होते, वांगेलातोस नावाचे, ते मुलांना म्हणत, "हेराक्लिसच्या पराक्रमांची यादी नीट बघा. तुंबलेला गोठा नदी वळवून धुतला. दलदलीतले पक्षी हाकलले. पाणथळीत नऊ डोक्यांचा साप मारला, आणि त्याचं एक डोकं छाटलं की दोन उगवायची. झऱ्याचं एक तोंड बुजवून बघा, काय होतं ते कळेल. पोरांनो, हा माणूस पाटबंधारे खात्यातला होता."

याच मास्तरांमुळे अर्गीरिसचं लग्न झालं.

डोंगराच्या पलीकडे, खेचराच्या वाटेने पाच तासांवर, केफालोव्रिसी गाव आहे. तिथे कड्याखालून मोठा झरा फुटतो. लाक्काचे लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आले, की ते पाणी आमचंच. आम्ही वापरून सोडलेलं तुम्ही पिता. केफालोव्रिसीचे लोक हे ऐकलं की ग्लास टेबलावर आपटत. झऱ्याच्या तोंडाशीच लिंबेरिस नावाच्या माणसाचा भोवरा होता. म्हणजे जमिनीत पुरलेलं फळ्यांचं निमुळतं पिंप. वरून धारेचं पाणी त्यात जोरात पडतं, गरगर फिरतं आणि जाड लोकरी पांघरुणं साबणाशिवाय धुऊन निघतात. लिंबेरिसला मारिगो नावाची मुलगी होती. वय वीस. भोवऱ्यातून ओली पांघरुणं आकड्याने ओढून काढायचं काम तिचं. ओलं पांघरूण माणसाइतकं जड असतं.

१९६६ च्या मे महिन्यात केफालोव्रिसीच्या जत्रेत अर्गीरिसने तिला ते काम करताना पाहिलं. त्याच दुपारी तो तिथल्या कॉफीच्या दुकानात लिंबेरिसच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. जत्रेला आलेले मास्तर वांगेलातोस तिथेच बसून आल्फेयोस नदीची गोष्ट सांगत होते. आल्फेयोस हा आमच्याच डोंगरांतला नद. त्याचं अरेथूसा नावाच्या परीवर मन बसलं. ती पळाली, जमिनीखाली शिरली, समुद्राच्या तळाखालून थेट सिसिलीत झरा होऊन वर आली. तो तिच्यामागे गेला. "आणि जुने लोक शपथेवर सांगत," मास्तर म्हणाले, "की इकडे आल्फेयोसमध्ये टाकलेला पेला तिकडे सिसिलीत अरेथूसाच्या झऱ्यात निघे."

"थापा," लिंबेरिस म्हणाला.

"सिसिलीची थाप असेल," मास्तर म्हणाले. "इकडची माणसं तिकडे वस्ती करायला गेली, त्यांनी घरचं पाणी गोष्टीत बांधून नेलं. पण पाणी जमिनीखालून डोंगर ओलांडतं, हे आर्केडियाच्या माणसाशिवाय कुणाला सुचणार? लाक्काचा घसा बघा."

"त्या घशाचा आणि माझ्या झऱ्याचा काडीचा संबंध नाही."

नेमक्या याच क्षणी अर्गीरिसने मुलगी मागितली.

लिंबेरिसने त्याला टोपीपासून बुटांपर्यंत पाहिलं. "कुठला रे तू?"

"लाक्काचा."

"शेळ्या किती?"

"एकशेदहा."

"आणि वासावरून सगळ्या तुझ्याच खाटेवर निजतात." दुकान हसलं. हसण्याने लिंबेरिसला चेव आला. "हे बघ शेळीवाल्या. तुमचं पाणी माझ्याकडे येतं ना? मग टाक तुझा पेला त्या घशात. आठ दिवसांत माझ्या भोवऱ्यात आला तर पोरगी तुझी. नाही आला तर या वाटेला परत फिरकायचं नाही."

"बोललात?"

"हे वीस जण बसलेत. बोललो."

यापुढची गोष्ट अर्गीरिस पंचेचाळीस वर्षं एकाच पद्धतीने सांगत आला. तो गावी गेला, पेला घशात टाकला, सेंट निकोलसला मेणबत्ती लावली. आठव्या दिवशी सकाळी लिंबेरिस भोवरा उघडायला गेला, तर पेला पाण्यावर गरगर फिरत होता. वीस साक्षीदार होते. शब्द मोडता येईना. ऑगस्टात लग्न झालं. इथे अर्गीरिस थांबे, फळीकडे हात करी आणि म्हणे, "तोच हा."

पेला तोच होता, हे खरं. तो घशातून आला नव्हता, हेही खरं. तो खेचरावरून आला होता.

आमच्याकडचा धनगर लग्नाचं मनात आणतो तेव्हा अक्रोडाच्या एकाच ओंडक्यातून दोन पेले कोरतो: नवऱ्याचा आणि नवरीचा. शेजारी ठेवले की लाकडाच्या रेषा एकमेकींत मिसळतात. अर्गीरिसने नवऱ्याच्या पेल्यावर शिंगांचं हरीण काढलं, नवरीच्या पेल्यावर हरिणी. घशात त्याने टाकली ती हरिणी. टाकल्यावर सहा दिवस काही खबर नाही. सातव्या दिवशी पहाटे त्याने उरलेला पेला झोळीत घातला, डोंगर चढला, उतरला, भोवऱ्याच्या वरच्या अंगाला एका खडकामागून तो पाण्यात सोडला आणि संध्याकाळच्या धारांना घरी परतला. घाईत एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. नवरीकडे त्याने नवऱ्याचा पेला पोचवला होता.

"शिंगवाला पाठवलास?" लिंबेरिसने विचारलं होतं. "रीत माहीत नाही का तुमच्याकडे?"

"म्हटलं, आधी मीच येतो," अर्गीरिस म्हणाला. हे उत्तर इतकं आवडलं गेलं, की दोन्ही गावांत ते आजही सांगतात. जोडीचा दुसरा पेला कुठे, या प्रश्नाला त्याने "शेळीने फोडला" असं सांगितलं. मारिगोने त्यावर काही विचारलं नाही.

खोटं असं मुरलं. मास्तर वारले, लिंबेरिस वारला, भोवरा मारिगोच्या धाकट्या भावाकडे, स्ताथिसकडे आला. अर्गीरिसची मुलं अथेन्सला गेली. पेला फळीवर राहिला.

मग २०११ च्या वसंतात निकिफोरोसने लाक्कात चीजचा कारखाना काढला. निकिफोरोस गावचाच, चांगला माणूस, जाडजूड, सगळ्यांच्या शेळ्यांचं दूध घेणारा. चीज काढल्यावर उरलेली निवळी कुठे सोडायची, हा त्याचा प्रश्न. त्याने गावसभेत सरळ विचारलं, "घशात सोडू का? तिथून कुठे जाते कुणाला ठाऊक."

"मला ठाऊक आहे," अर्गीरिस उठला. "माझ्या सासुरवाडीच्या नळाला जाते. माझा मेव्हणा पाणी पितो ते, तुझी आंबलेली निवळी नाही."

"पुरावा?"

सभा कॉफीच्या दुकानातच भरली होती. अर्गीरिसने फळीकडे बोट केलं. सचिवाने वहीत लिहिलं: "पुरावा म्हणून अर्गीरिस झार्काडास यांचा पेला, १९६६." ठराव झाला, निवळी घशात सोडायची नाही.

निकिफोरोस चिडला नाही. त्याने प्रांताच्या कचेरीत अर्ज टाकला, की लाकडी पेल्यावर कारखाने बंद होत असतील तर विज्ञानाचा उपयोग काय. कचेरीला ते पटलं. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पात्रास शहरातून थेक्ला नावाची एक मुलगी आली. भूजलाची अभ्यासक, तिशीतली, पायात गमबूट. तिने आसपासच्या पाच झऱ्यांत पाण्यातला रंग धरून ठेवणाऱ्या कोळशाच्या छोट्या जाळीदार पिशव्या बांधल्या आणि घसा साफ करण्याच्या दिवशीच, सगळं गाव दाताळी घेऊन उभं असताना, विवराच्या तोंडाशी चार किलो हिरवा रंग ओतला. पाणी पोपटासारखं झालं आणि आत गेलं.

"आता?" गावाध्यक्षांनी विचारलं.

"आता वाट बघायची. रंग ज्या झऱ्यात निघेल, त्याचं पाणी तुमचं. बारा दिवस पिशव्या ठेवते. तेवढ्यात कुठेच निघाला नाही, तर संबंध सिद्ध झाला नाही असं लिहावं लागेल."

"बार्बा-अर्गीरिसच्या पेल्याला आठ दिवस लागले होते," निकिफोरोस म्हणाला. आमच्याकडे वडीलधाऱ्याला बार्बा म्हणतात, म्हणजे काका. "रंगाला तर शिंगंही नाहीत. चारच दिवसांत पोचेल."

अर्गीरिस हसला नाही. ते पहिल्या दिवशी कुणाच्या लक्षात आलं नाही.

पाचव्या दिवसापासून लक्षात यायला लागलं. थेक्ला रोज सकाळी मोटारीने झऱ्यांवर जाई, दुपारी कॉफीच्या दुकानात बसून कोळसे तपासल्याचे आकडे लिही. आकडा रोज शून्य. अर्गीरिस रोज तिच्या टेबलाशी जाई.

"काय पोरी?"

"काही नाही, बार्बा."

"केफालोव्रिसीतही?"

"कुठेच."

आठव्या दिवशी निकिफोरोसने सगळ्यांना कॉफी सांगितली. "आज पेल्याचा वाढदिवस. काय बार्बा, तुझा पेला आठ दिवसांत गेला तो बसने गेला होता का?"

"तेव्हा पाणी जास्त होतं," अर्गीरिस म्हणाला.

"हो, आणि प्रेमही," दुकानदार म्हणाला.

"मला वाटतं, पेला वल्हवत गेला."

"वल्ही कुठली? शिंगं मारत गेला."

दुकान खदखदलं. अर्गीरिस कॉफी अर्धी टाकून उठला. त्याचं म्हणणं खरं आहे याबद्दल त्याला स्वतःला शंका नव्हती. पाणी केफालोव्रिसीला जातं, हे त्याच्या आजोबाने, आजोबाच्या आजोबाने सांगितलं होतं. प्रश्न इतकाच, की जगात या गोष्टीचा लिहून ठेवलेला एकच पुरावा होता, आणि तो त्याने स्वतः खेचरावरून नेला होता. रंग निघाला नाही तर निवळी घशात जाईल. ती केफालोव्रिसीत निघेल तेव्हा स्ताथिस विचारील, दाजी, तुमचा पेला काय सांगत होता? आणि बायको. ती काय विचारील, याचा अंदाज पंचेचाळीस वर्षांनंतरही त्याला बांधता येईना.

दहाव्या दिवशी दुपारी मारिगो ओट्यावर राजमा सोलत बसली होती. अर्गीरिसने तिच्यासमोर स्टूल घेतलं, बसला, उठला, शेळ्यांकडे जाऊन आला, परत बसला.

"काय रे," ती म्हणाली. "पोटात दुखतंय?"

"तुला एक सांगायचंय."

"सांग की. शेंगा घे तोवर हातात."

त्याने शेंगा घेतल्या. "पेल्याचं आहे."

"बरं."

"तो घशातून आला नव्हता. मी आणला. डोंगरावरून. सहा दिवस वाट बघितली, मग धीर सुटला. तुझ्या बापाने आठच दिवस दिले होते."

मारिगोने शेंग सोलली, दाणे टोपलीत टाकले, साल बाजूला. पुढची शेंग घेतली. "उतरताना कुठून उतरलास?"

"चॅपेलच्या बाजूने. का?"

"तिथे काटे फार. तरीच पेला निघाल्यावर आलास तेव्हा तुझे हात ओरबाडलेले."

"मारिगो, मी तुझ्या बापाला फसवलं. तुलाही."

"हो." ती उठली, हात झटकले. "तू सोल. मी आले."

तो सोलत बसला. आत लाकडी पेटीचं झाकण वाजलं. त्या पेटीत तिचं लग्नातलं सामान असे. अर्गीरिसने ती आयुष्यात उघडली नव्हती, उघडायचं कारणच पडलं नव्हतं. मारिगो बाहेर आली ती फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. तिने ते राजम्याच्या ढिगावर ठेवून फडकं सोडलं.

अक्रोडाचा पेला. काठाचा एक टवका उडालेला, एक बाजू दगडांनी घासून गुळगुळीत, लाकूड काळं पडलेलं. पोटावर हरिणी. नाक झिजलेलं, कान शाबूत.

अर्गीरिस हातातली शेंग चोळत राहिला.

"कधी?" त्याने विचारलं.

"जूनमध्ये. तू टाकलास त्याच्या सव्विसाव्या दिवशी. मी मोजले. एक लाल पांघरूण ओढत होते, त्याच्या घडीत निघाला."

"आणि तू कुणाला..."

"कुणाला सांगू? आमंत्रणं गेली होती. बाबांना दुसरा पेला दाखवला असता तर त्यांनी विचारलं असतं, मग पहिला कुठून आला? लग्न मोडलं असतं." ती परत बसली. "आणि मला बघायचं होतं, तू कधी सांगतोस."

"पंचेचाळीस वर्षं?"

"मला वाटलं पहिल्या बाळंतपणात सांगशील. मग म्हटलं, दुसऱ्या. मग राजम्याच्या कामात राहून गेलं."

"दर रविवारी मी दुकानात ती गोष्ट सांगायचो. तू कोपऱ्यात बसलेली असायचीस."

"छान सांगायचास. मेणबत्तीचा भाग तर फारच छान. लावली होतीस का?"

"नाही."

"तरीच." तिने त्याच्या हातातली शेंग काढून घेतली, तो एकच शेंग तेव्हापासून चोळत होता. "ती मुलगी परवा पिशव्या काढून जाणार ना? तिला जाऊन सांग, सव्वीस दिवस लागतात म्हणून."

"तिला एकटीला सांगतो. मोटारीपाशी."

"आणि वहीत काय लिहिलंय? तुझा पेला, आठ दिवस. आठ खोटे असतील तर सव्वीस कशावरून खरे? निकिफोरोस विचारणारच. दुकानात सांग. सगळ्यांसमोर."

"हसतील."

"हसतीलच. मी पण येते, मलाही हसायचंय."

संध्याकाळी साडेसहाला ते दोघं कॉफीच्या दुकानात गेले. मारिगोने फळीवरचा पेला खाली उतरवला आणि पिशवीतला त्याच्या शेजारी ठेवला. दोन्ही जवळ सरकवले. लाकडाच्या रेषा एकातून दुसऱ्यात गेल्या, जिथे टवका उडाला होता ती जागा सोडून. अर्गीरिसने उभ्याने सांगितलं. आल्फेयोस नाही, मेणबत्ती नाही, वीस साक्षीदार नाहीत. ही गोष्ट त्याने चार वाक्यांत आजवर कधी सांगितली नव्हती.

दुकान असं हसलं की बाहेरचं कुत्रं उठून गेलं.

"म्हणजे नवरा डोंगरावरून," दुकानदार डोळे पुसत म्हणाला, "आणि नवरी डोंगराखालून!"

"आणि नवरी गप्प! ती कुठल्या शेळीने फोडली रे?"

"मारिगो, तू या माणसाला पंचेचाळीस वर्षं असंच लोंबकळत ठेवलंस?"

"लोंबकळत कुठे," मारिगो म्हणाली. "जेवायला घालत होते की."

निकिफोरोस हसला सगळ्यांबरोबरच, पण नंतर त्याने बोट उगारलं. "एक मिनिट. गावच्या वहीत खोटी साक्ष आहे. ठराव त्या साक्षीवर झालाय. आता ही आणखी एक साक्ष आणलीय, घरच्याच पेटीतून. कशावरून ही पण कोरून ठेवली नसेल?"

थेक्लाने पेला उचलला होता. तिने घासलेल्या बाजूवर अंगठा फिरवला, मग टेबलावरच्या दिव्याखाली धरून भिंगातून पाहिलं. झिजलेल्या नाकाच्या खाचेत पांढरट चुना घट्ट बसला होता. तिने नखाने खरवडला, निघेना.

"हा दगडाखालून आलाय," ती म्हणाली. "एवढा चुना पेटीत चढत नाही. पाणी वेगळं वाहतं, लाकूड वेगळं. लाकूड कुठेही अडकतं. सव्वीस म्हणजे सव्वीस असं मी लिहिणार नाही. पण बारा दिवसांत थांबणंही आता बरोबर नाही. यंदा पाऊस कमी, आत पाणी हळू चाललं असणार. पिशव्या महिनाभर ठेवते."

"खर्च?" गावाध्यक्ष म्हणाले.

"दर दोन दिवसांनी पिशवी बदलून डबीत भरायची आणि बसने पाठवायची. ते कुणीही करील."

"मी करतो," निकिफोरोस म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "बघता काय? मीच अर्ज केलाय. आणि बार्बाला डबी दिली तर तो खेचरावरून हिरवा रंग घेऊन जाईल."

हे रास्त होतं. अर्गीरिसनेही मान डोलावली.

पुढचा आठवडा अर्गीरिस दुकानात रोज गेला. थट्टा रोज झाली. कुणी त्याच्या कॉफीखाली टपालाचं तिकीट ठेवलं. कुणी विचारलं, शेळ्याही तू चरायला नेतोस की त्या खालून जातात. त्याला झोप चांगली लागायला लागली होती. फक्त पाण्याचं काय, एवढंच उरलं होतं, आणि ते त्याच्या हातात नव्हतं.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी अकराला दुकानातला फोन वाजला. दुकानदाराने उचलला आणि कानापासून हातभर लांब धरला. पलीकडे स्ताथिस होता, मारिगोचा भाऊ.

"दाजी आहेत का तिथे? द्या त्यांना! दाजी, काय चालवलंय तुम्ही लाक्कावाल्यांनी? माझ्या भोवऱ्यात पाद्रीबुवांच्या बायकोची दोन पांढरी पांघरुणं होती. पांढरी! आता बेडकासारखी झालीत. तीन वेळा फिरवली, जास्तच हिरवी होतायत!"

"हिरवी?" अर्गीरिस म्हणाला.

"हिरवी! मी काय सांगू त्या बाईला?"

"स्ताथिस, नीट सांग. पाणी कुठून हिरवं येतंय?"

"झऱ्यातून, आणखी कुठून! तुमचं पाणी आहे, तुम्हीच सांगा!"

हे शब्द दुकानात सगळ्यांना ऐकू गेले. स्ताथिसलाही आपण काय बोललो ते कळलं असावं.

"काय म्हणालास?" अर्गीरिसने विचारलं.

"काही नाही."

"नाही, पण कुणाचं पाणी म्हणालास?"

"दाजी, पांघरुणांचं बोला."

"बोलतो. आधी ते पुन्हा म्हण. इथे पंधरा जण बसलेत."

फोन बंद झाला. निकिफोरोस तोवर मोटारीची किल्ली घेऊन दारात पोचला होता. दुपारी तो परत आला तो एका काचेच्या बरणीत पोपटी पाणी घेऊन. ती त्याने स्वतःच टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसला. "ठीक. सांगा आता, निवळीचं काय करू?"

"डुकरांना घाल," मारिगो म्हणाली. "माझी आई घालायची. फुगतात नुसती."

निकिफोरोसने त्या हिवाळ्यात बारा डुकरं घेतली. थेक्लाचा अहवाल नोव्हेंबरात आला. चौदा पानं, नकाशासह, आणि पेल्याचा उल्लेख एका तळटीपेत. अर्गीरिसला तो वाचून दाखवला तेव्हा त्याने तळटीप दोनदा वाचायला लावली. गावाध्यक्षांनी सभेची वही उघडून जुन्या ओळीत "पेला" या शब्दाच्या जागी "पेले" केलं, खाली सही केली आणि साक्ष दुरुस्त झाली असं मानण्यात आलं.

पाद्रीबुवांच्या बायकोने ती पांघरुणं परत घेतली नाहीत. स्ताथिस एका रविवारी ती घेऊन लाक्काला आला, तुमच्या पाण्याने रंगवली तेव्हा तुम्हीच ठेवा, असं म्हणत. आता तो "तुमचं पाणी" बिनदिक्कत म्हणतो. फक्त तक्रारीच्या वेळी. मारिगोने एक पांघरूण खाटेवर घातलं, दुसरं शेळ्यांच्या गोठ्याच्या दाराला.

त्याच रविवारी दुपारी जेवणाला तिने फळीवरचे दोन्ही पेले मागवून घेतले. लग्नात त्यांतून जोडीने प्यायची रीत त्यांची राहूनच गेली होती. अर्गीरिसने वाइन ओतली. हरिणीचा काठ उडालेला असल्यामुळे तो पेला अर्धाच भरता येई.

"तू शिंगवाला घे," तो म्हणाला. "रीत मोडून का होईना, तुझ्याकडे तोच आला होता."

"नको," मारिगो म्हणाली. "मी माझाच घेते. स्वतः चालत आलाय तो."

"मी पण चालतच आलो होतो. पाच तास."

"खेचरावरून," स्ताथिस म्हणाला आणि भाकरीला हात घातला.